कोऱ्या जागेचा इतिहास

'तो वर गेला' आणि 'तोवर गेला' या दोन वाक्यांत अक्षरे तीच आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. पहिल्यात कोणी जिना चढून जातो. दुसऱ्यात तेवढ्या अवधीत कोणी निघून गेलेला असतो. अर्थाचा हा सगळा भार एका कोऱ्या जागेने उचललेला आहे. त्या जागेला शाई लागत नाही आणि वर्णमालेत तिला स्थान नाही. तरी ती कोणीतरी सोडावी लागते. ती कोणी सोडायची आणि ओळ कुठे मोडायची, याची उत्तरे मराठीत हजार वर्षांत अनेकदा बदलली. नवी मुंबईतला रहिवासी सरकारी संकेतस्थळावरच्या अर्जात पत्ता लिहून 'एंटर' दाबतो तेव्हा जे घडते, ते या लांबलचक वाटचालीचे अलीकडचे टोक आहे.

शब्द सुटे करण्याची विद्या भारतात लेखणीच्या आधी पाठांतरात तयार झाली. ऋग्वेदाच्या संहितापाठात संधीने एकमेकांत मिसळलेले शब्द शाकल्याच्या पदपाठात एकेक करून वेगळे म्हटले जातात. शब्दाची सीमा जीभ आणि कान सांभाळत असल्यामुळे ती दगडावर किंवा पानावर दाखवण्याची निकड फारशी भासली नाही. अशोकाच्या काही स्तंभलेखांत शब्दसमूहांमध्ये अंतर सोडलेले दिसते, पण ती रीत पुढे रुजली नाही. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या आक्षी गावी आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा ठरतो. नवी मुंबईचा खारघर-पनवेलकडचा भाग याच जिल्ह्यात मोडतो. असे लेख वाचताना अभ्यासकाचे पहिले काम अक्षर ओळखण्याचे आणि दुसरे शब्द तोडण्याचे असते. दुसरे काम बहुधा अधिक वादाचे ठरते.

पोथ्यांनी हीच परंपरा चालवली. आडव्या सुट्या पानावर बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरे सलग चालत; चरण संपला की एक दंड, ओवी किंवा श्लोक संपला की दोन दंड आणि क्रमांक. ओळ मोडण्याचा अर्थाशी संबंध नव्हता. पानाची कड आली की शब्द अर्धवट सोडून लेखक खालच्या ओळीवर येई. ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या संपादित आवृत्त्यांत एकाच ओवीचा पदच्छेद कधी कधी निराळा मिळतो, याचे मूळ इथे आहे. मूळ पोथीत तो छेद नव्हताच. संपादकाने आपल्या समजुतीने घातला. पोथीत चूक झाली तर तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्या लेपाचीच आठवण आहे. खोडण्यासाठी खास द्रव्य आणि वेगळे करण्यासाठी काहीच नाही, अशी ही लेखनव्यवस्था होती.

मोडी या दफ्तरी लिपीने हा सलगपणा टोकाला नेला. मोडीत कारकून आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग अक्षरे तिला खालून लटकवत जाई. रेघ आधीच अखंड असल्यामुळे दोन शब्दांमध्ये तुटण्याचा प्रश्नच उरत नसे. लेखणी शक्य तितकी कमी उचलायची, हे या लिपीचे मुख्य सूत्र होते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, विरामचिन्हे नसत, परिच्छेदही क्वचितच दिसे. डावीकडे समास सोडून मजकूर एकसंध खाली उतरे. हे अज्ञान नव्हते, हे ठासून सांगायला हवे. रोजच्या रोज पत्रे, वसुलाचे हिशेब आणि हुकूम लिहिणाऱ्या दफ्तरात वेग महत्त्वाचा होता, आणि वाचणारा त्याच दफ्तरात तयार झालेला असल्यामुळे ठरावीक मायने, पदव्या आणि कलमांची भाषा त्याला तोंडपाठ असे. तुटक वाचनाची गरज परक्याला पडते. मोडी आपल्या माणसांसाठी होती.

शब्दांमधल्या जागेची पर्वा न करणारे हेच दफ्तर मजकूर संपल्यानंतरच्या जागेबद्दल मात्र अत्यंत सावध होते. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे. पेशवाईतल्या कागदांवर 'लेखनसीमा' असे शब्द असलेली मुद्रा दिसते. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर वाढवले तर ते मूळचे नव्हे, हे ती मुद्रा सांगते. कोरी जागा धोक्याची असते आणि तिच्यावर पहारा बसवावा लागतो, ही जाणीव मराठी दफ्तराला तीनशे वर्षांपूर्वी होती. आजच्या संगणकांनाही नोंद कुठे संपली हे सांगणारी खूण लागते, ती याच जातीची.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढायला सुरुवात केली. पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मोडी कागद बालबोधात उतरवून छापण्याच्या या प्रचंड कामात प्रत्येक संपादक शब्दांमध्ये जागा घालत गेला. आज वाचक छापील खंडात जे पत्र वाचतो, त्यातली अक्षरे पेशव्यांच्या कारकुनाची आणि मधल्या मोकळ्या जागा संपादकाच्या असतात. इतिहासाच्या वाचकाने हे विसरू नये.

मराठी पानावर जागा पडली ती छपाईमुळे. मराठी भाषा छापखान्यात पहिल्यांदा गेली ती रोमन लिपीतून. थॉमस स्टीफन्स याचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. मराठीसाठी देवनागरी खिळ्यांची खरी सुरुवात बंगालमधल्या श्रीरामपुरास झाली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण तिथे १८०५ मध्ये छापले गेले आणि १८१० चा त्याचा मराठी कोश तर मोडी खिळ्यांत निघाला. मुंबईत शिळाप्रेसचे युग बराच काळ टिकले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. शिळेवर हाताने लिहिलेलेच उमटत असल्यामुळे पोथीचे वळण तिथे सहज टिकू शकले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत उभे राहिले. एका बाजूला शब्द सुटे आणि वाक्यांना खुणा, आणि दुसऱ्या बाजूला त्याच रिवाजाची नवी नवी सवय करून घेणारी मराठी. त्या शेजाराचा परिणाम मराठी गद्यावर खोलवर झाला.

मेजर थॉमस कँडी याचे नाव इथे आदराने घ्यावे लागते. मोल्सवर्थच्या कोशावर काम केलेल्या या माणसाने मराठी पाठ्यपुस्तकांत विरामचिन्हे रूढ केली आणि १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही नावे शाळेत घोकणाऱ्या मुलांना ती दोनशे वर्षेही जुनी नाहीत याची कल्पना नसते. कँडीच्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर पुढे टीका झाली, ती काही अंशी रास्तही होती. पण श्वास घ्यायची जागा त्याने कागदावर आणली, हे श्रेय त्याचेच.

छापखान्यात आणखी एक मोठा बदल घडला, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. कोरी जागा ही वस्तू झाली. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी सुरू केलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यात जुळारी एका हातात स्टिक धरून खिळे रचत असे. शब्द संपला की तो शिशाचा कोरा, ठेंगणा तुकडा उचलून मध्ये ठेवी. त्यालाही 'स्पेस' म्हणत. जाड तुकड्याला 'क्वाड'. ओळ भरायला थोडी कमी पडली तर शब्दांमध्ये बारीक स्पेस आणखी घालायच्या, जास्त झाली तर काढायच्या, आणि दोन्ही कडा सरळ करायच्या, हे जुळाऱ्याचे रोजचे कौशल्य होते. हस्तलिखितात जागा म्हणजे काहीही न करणे होते. आता तिला वजन आले, माप आले, खिळ्यांच्या पेटीत तिचा खण आला. संगणकात जागेला स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्याची वैचारिक तयारी या शिशाच्या तुकड्याने करून ठेवली होती.

शब्द कुठे तोडायचा याचे व्याकरणही याच काळात पक्के झाले. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात: 'घरासमोर', 'पावसामुळे'. हिंदीत तेच 'घर के सामने' असे सुटे पडते. त्यामुळे मराठीतला एक लेखी शब्द पुष्कळदा लांबलचक असतो आणि ओळीच्या शेवटी मावत नाही. सामासिक शब्द आणि गावांची नावे यांच्या बाबतीत मात्र व्यवहार कायम दोलायमान राहिला.

टंकलेखन यंत्राने जागेला बोटाखाली आणले. मुंबईत गोदरेजने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू केले आणि गावोगावच्या टायपिंग क्लासांत मराठी यंत्रांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. खालची लांब पट्टी दाबली की जागा; ओळ संपत आली की घंटी; मग डावीकडचा दांडा ओढला की दोन गोष्टी एकदम घडत. कागद एक ओळ वर सरके आणि कागद धरणारी यंत्राची गाडी पुन्हा सुरुवातीला येई. दूरमुद्रक यंत्रांत याच दोन हालचालींना दोन वेगळे संकेत द्यावे लागले, कारण गाडी परतायला वेळ लागे. १९६३ च्या आस्की संकेतावलीत ते कायम झाले: जागेला ३२, खालच्या ओळीला १०, गाडी परत आणण्याला १३. पुढे युनिक्स प्रणालीने ओळ मोडण्यासाठी फक्त १० वापरला, डॉस आणि विंडोजने १३ आणि १० दोन्ही, जुन्या मॅकिंटॉशने नुसता १३. गाडी कधीच गेली, तिचा परतीचा संकेत मात्र उरला. इंटरनेटवरचा अर्ज पाठवला जातो तेव्हा त्यातली प्रत्येक ओळमोड आजही १३ आणि १० अशा जोडीनेच रवाना होते.

देवनागरीसाठी या तीन संकेतांनी भागण्यासारखे नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये जागेचेच दोन अदृश्य नातलग आहेत, ज्यांना रुंदीच नाही. एक शून्य रुंदीचा सांधक, दुसरा शून्य रुंदीचा विलगक. पहिला अक्षराला जोडाक्षरातले अर्धे रूप घ्यायला लावतो. दुसरा दोन अक्षरे जुळू देत नाही, हलन्ताचा पाय मोडका ठेवतो. मराठीला या अदृश्य खुणांची गरज हिंदीपेक्षा जास्त पडली, ती एका खास मराठी आकारामुळे.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. 'आचार्यांना' बोलावणे वेगळे आणि 'आचाऱ्यांना' बोलावणे वेगळे. 'कऱ्हाड', 'वऱ्हाड', 'गोऱ्हे', 'कुऱ्हाड' हे शब्द अर्ध्या र च्या या आडव्या, पापणीसारख्या रूपाशिवाय लिहिताच येत नाहीत. या लेखाच्या शीर्षकातही तो आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साधला गेला. एका प्रकारात र, हलन्त आणि शून्य रुंदीचा सांधक. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे एका प्रकारे नोंदवलेले आडनाव दुसऱ्या प्रकारे शोधले तर सापडत नाही. याहून गंभीर प्रकार पुढे आहे. अर्जातला मजकूर 'स्वच्छ' करणारा प्रोग्रॅम फाजील जागा काढताना सगळ्या अदृश्य खुणाही झाडून टाकतो, तेव्हा पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या 'गोऱ्हे' या आडनावातला सांधक जातो आणि माणसाचे नाव 'गोर्हे' होऊन बसते. जिला इंग्रजीत निरर्थक पोकळी समजले जाते, ती मराठीत अक्षराचा अवयव असू शकते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा मराठी माणसाकडून समजून घ्यायला हवे.

या आकारांना पडद्यावर नीट उभे करण्याचे एक महत्त्वाचे काम मुंबईतच झाले. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ मध्ये जुहूला सुरू झाले. नवी मुंबईत खारघरलाही त्याचे संकुल उभे राहिले आणि पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) या संस्थेशी जोडलेले होते. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. लाखो मराठी माणसांनी संगणकावर आपले नाव पहिल्यांदा पाहिले ते मंगलमध्ये. त्याआधीच्या डीटीपीच्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी संकेतांच्या जागी बसवलेली असत; फाँट बदलला की मजकूर वाचण्याजोगा राहत नसे. युनिकोड आणि असे फाँट आल्यावरच अर्जाच्या चौकटीत थेट मराठी लिहिणे शक्य झाले.

मराठी कारभाराला चौकट नवी नव्हती. रकाना हा शब्द जुना आहे आणि तलाठ्याचे गाव नमुने ही चौकटींचीच शिस्त आहे; गाव नमुना ७ आणि १२ मिळून सातबारा होतो. पण कागदावरच्या रकान्यात तलाठी अक्षर बारीक करून, ओळीवर ओळ चढवून मजकूर मावून घेई. संगणकाच्या चौकटीला ती लवचीकता नाही. १९९५ च्या एचटीएमएल २.० या मानकात अर्जाच्या दोन प्रकारच्या चौकटी आल्या: एका ओळीची आणि अनेक ओळींची. एका ओळीच्या चौकटीत ओळमोड राहूच शकत नाही, ती नियमानेच काढून टाकली जाते. तिच्या जागी स्पेस घालण्याची काळजी कोणी घेतली नसेल, तर 'सेक्टर ६' आणि खालच्या ओळीवरचे 'नेरुळ' मिळून 'सेक्टर ६नेरुळ' होते. अनेक ओळींच्या चौकटीत ओळी टिकतात, पण तोच मजकूर साध्या पानावर दाखवताना एचटीएमएल सलग आलेल्या सगळ्या जागा आणि ओळमोडी एका स्पेसमध्ये गोळा करते. चार परिच्छेदांत मांडलेली तक्रार अधिकाऱ्यासमोर एक सलग ढीग होऊन येते. याद्यांच्या फायलीत तर पत्त्यातली ओळमोड म्हणजे नवी नोंद असे समजले जाऊन एका माणसाच्या दोन ओळी होतात.

नवी मुंबईसारख्या आखीव शहरात हे प्रश्न विशेष ठळक दिसतात. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ला झाली आणि जुन्या गावांच्या भोवती नोड, सेक्टर, प्लॉट अशी रचना उभी राहिली. जुनी गावनावे आणि नवी आकडेवारी एकाच पत्त्यात आली. कोपर आणि खैरणे या दोन गावांची नावे मिळून झालेले नाव कोणी 'कोपरखैरणे' लिहितो, कोणी 'कोपर खैरणे'. माणसाला दोन्ही एकच. पण जागेवर तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्यात 'कोपर' हा वेगळा शब्द मिळतो, आणि कोपर नावाचे स्थानक मध्य रेल्वेवर डोंबिवलीजवळ आहे. 'जुईनगर' आणि 'जुई नगर', 'सीबीडी' आणि 'सी बी डी', 'नवी मुंबई' आणि 'नवीमुंबई' यांचेही तसेच. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आला. टपाल खात्याच्या रीतीने वाशीचा '४०० ७०३' असा मध्ये जागा सोडून लिहितात. अनेक अर्ज ती जागा दिसली की पिनकोड चुकीचा ठरवतात. आधारचे बारा आकडे चार-चारच्या गटांत छापले जातात, तिथेही हेच. ही जागा डोळ्याच्या सोयीची आहे. ती स्वीकारून आतल्या आत काढून टाकणे प्रोग्रॅमला अगदी सोपे असते, म्हणून नागरिकाला परत पाठवणे अन्यायाचे आहे.

नावाच्या बाबतीत जागेचा प्रश्न २०२४ मध्ये नव्याने उभा राहिला. मराठी माणसाचे नाव तीन शब्दांचे, स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव, हे इतके गृहीत धरलेले होते की पुष्कळ प्रणाली नाव दोन जागांवर तोडून तीन रकान्यांत टाकत. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घेण्याचे ठरवले. नाव चार शब्दांचे झाले आणि पहिल्या जागेनंतर वडीलच येतात हा हिशेब संपला. शब्द मोजून माणूस ओळखण्याची पद्धत मुळातच कच्ची होती. दक्षिणेतल्या आणि आदिवासी नावांना तिचा जाच आधीपासून होताच.

मोडीही याच सुमारास पुन्हा कामाला आली. २०२३ मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी जातीच्या नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचकांना मागणी आली. जुन्या नोंदवह्यांतला सलग मजकूर देवनागरीत उतरवताना शब्द कुठे तुटतो याचा निर्णय पुन्हा वाचकावरच आला, जसा तो राजवाड्यांवर आला होता.

चांगल्या प्रणाली आता मजकुराच्या दोन प्रती ठेवतात. एक प्रत अर्जदाराने लिहिली तशीच, ओळमोडी आणि सांधकांसह. दुसरी फक्त जुळवणीसाठी: तिच्यात सगळ्या जागा काढून शब्द सलग करतात, दोन प्रकारचे ऱ एकच मानतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसतात आणि विरामचिन्हे गाळतात. 'कोपर खैरणे' आणि 'कोपरखैरणे' तिथे एकमेकांना सापडतात. ही दुसरी प्रत कोणाला दाखवली जात नाही. ती मोडीच्या रिवाजाने लिहिलेली असते.